वाचक विचारतात : कॉइल हद्दीच्या आधीच क्वेंच का होते?

प्रश्न : सर, मी एमएस्सी भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळ्यात दोन महिने गोव्याबाहेरच्या एका प्रयोगशाळेत प्रोजेक्टसाठी होते. तिथे आम्ही नायोबियम-टायटॅनियमच्या ०.४ मिलिमीटर तारेची छोटी कॉइल गुंडाळली, इपॉक्सी (घट्ट होणारी राळ) भरलं आणि ४.२ केल्विनच्या द्रव हेलियममध्ये उतरवली. तारेच्या नमुन्यावरून हिशेब केला तर ती ९२ अँपिअरपर्यंत जायला हवी होती, तेव्हा तारेवर साधारण ६ टेस्ला चुंबकीय क्षेत्र असतं. पहिल्यांदा ६१ लाच क्वेंच झाली, म्हणजे तारेत अचानक रोध आला. मग ६८, ७१, ७५, ७६. गाइड म्हणाले, ‘शिकतेय, शिकू दे.’ तार शिकते म्हणजे नेमकं काय होतं? आणि असं लवकर क्वेंच होणं कमी कसं करायचं?
— एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : बाय, तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मी तुझे पाचही आकडे वहीत उतरवून घेतले. असे आकडे मी तीस वर्षं लिहीत आलो. सदरात एका प्रश्नाला एवढी जागा देत नाहीत, पण संपादकांकडून मागून घेतली आहे.

इतर वाचकांसाठी आधी दोन शब्द. नायोबियम-टायटॅनियम हा मिश्रधातू सुमारे ९.२ केल्विनच्या खाली, म्हणजे उणे २६४ अंश सेल्सिअसला, अतिसंवाहक होतो. वीज वाहते आणि रोध शून्य. पण ही सवलत तीन गोष्टींनी मिळून बांधलेली आहे: तापमान, चुंबकीय क्षेत्र आणि प्रवाह. एक वाढली की बाकीच्या दोघींना जागा कमी उरते. तारेचा एखादा मिलिमीटरभर तुकडा जरी हद्दीबाहेर गेला, तरी तिथे रोध येतो, रोधातून उष्णता निघते, तिने शेजारचा तुकडा तापतो आणि बघता बघता कॉइलमध्ये साठलेली सगळी ऊर्जा हेलियम उकळवून टाकते. हा क्वेंच. हद्द गाठल्यावर झाला तर तक्रार नाही. या पोरीची कॉइल हद्दीच्या दोन तृतीयांशावरच थांबली, प्रश्न तो आहे.

माझं लहानपण चोडणला गेलं. आमच्या खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या शेताचा, बांध चिखल, पेंढा आणि बाहेरून चिरे असा. पुनवेच्या भरतीला पाणी बांधाच्या माथ्याखाली वीतभर येऊन थांबायचं. बांध फुटलेला मी दोनदा पाहिला, आणि दोन्ही वेळा पाणी माथ्यावरून गेलं नव्हतं. अर्ध्या भरतीला, कुर्लीच्या (खेकड्याच्या) बिळातून फुटला. बिळातून आधी बोटाएवढी धार येते, धार माती खाते, भोक हाताएवढं होतं आणि मग कोणाच्या बापाला आवरत नाही. बाबा ओहोटीला बांधावरून चालत जायचे आणि टाचेने बिळं दाबून चिखल भरायचे. नमुन्यावरून काढलेले तुझे ९२ अँपिअर ही बांधाची उंची आहे. ६१ ला फुटली याचा अर्थ कुठेतरी बीळ आहे.

ते बीळ कसलं, ते तुझ्याच आकड्यांवरून काढू. ६१ अँपिअरला तारेवर साधारण ४ टेस्ला क्षेत्र असेल. चुंबकीय क्षेत्रात प्रवाह वाहणाऱ्या तारेवर बल येतं, हे तू बारावीत शिकलीस. ६१ गुणिले ४, म्हणजे मीटरभर तारेवर २४४ न्यूटन. तांदळाचं २५ किलोचं पोतं पाचेक केसांएवढ्या जाड तारेच्या एका मीटरवर टांगलंय असं समज. ९२ ला तेच ५५ किलोच्या वर जातं. एवढ्या ओझ्याखाली तार कुठे तरी सरकणारच, जिथे जागा सापडेल तिथे. समज, एक सेंटिमीटर तार फक्त १० मायक्रोमीटर सरकली. माणसाच्या केसाच्या जाडीचा सातवा-आठवा हिस्सा. या सरकण्यात बलाने केलेलं काम निघतं सुमारे २४ मायक्रोज्यूल. मोहरीचा दाणा मीटरभर उंचीवरून ओट्यावर पडला तर साधारण तेवढीच ऊर्जा.

एवढ्याशा ऊर्जेने काय होतं, हे घरातल्या तापमानाला विचारलं तर उत्तर ‘काही नाही’ असं आहे. पण ४ केल्विनला धातूंची उष्णता पोटात घेण्याची ताकद जवळपास संपलेली असते. तुझ्या तारेत नायोबियम-टायटॅनियमचे तंतू तांब्यात बसवलेले असतात. त्या तांब्याची विशिष्ट उष्णता तिथे खोलीच्या तापमानाच्या मानाने चार हजारांत एक इतकी उरते. माझ्या मते या सगळ्या विषयाचं मूळ इथे आहे आणि पुस्तकं ते एका ओळीत उरकतात, याचं मला वाईट वाटतं. थंडीमुळेच तार अतिसंवाहक होते, आणि त्याच थंडीमुळे ती इतकी हळवी होते. तुझ्या कॉइलला ६१ अँपिअरवर सुमारे दोन केल्विनची मोकळीक होती. तेवढं तापवायला तारेच्या एका घनसेंटिमीटरला काही मिलिज्यूल पुरतात. तुझ्या सेंटिमीटरभर सरकलेल्या तारेत घनसेंटिमीटरमागे वीसच्या आसपास मिलिज्यूल निर्माण झाले. त्यातले अर्धे इपॉक्सीत गेले तरी क्वेंच ठरलेला. आणि ८३ अँपिअरला, म्हणजे ९० टक्क्यांवर, मोकळीक उरते जेमतेम अर्धा केल्विन.

सरकणं हे एक बीळ. दुसरं इपॉक्सीतलं. तू म्हणशील, इपॉक्सी तर तार सरकू नये म्हणूनच भरलं होतं. खरं आहे. पण थंड होताना तांबं मीटरमागे तीन मिलिमीटर आकसतं आणि नुसतं इपॉक्सी दहा मिलिमीटरच्या वर. तार त्याला आकसू देत नाही, म्हणून हेलियममध्ये उतरताच इपॉक्सी ताणात असतं. वरून चुंबकीय बल चढलं की जिथे इपॉक्सीचा नुसताच गोळा साचलाय, तार किंवा काचकापड नाही, तिथे बारीक तडा जातो. तड्यातून सुटलेली ताणाची ऊर्जा उष्णता होऊन शेजारच्या तारेत शिरते. फ्लँजवर, म्हणजे कॉइलच्या कडेच्या तबकडीवर, चिकटलेलं इपॉक्सी सुटतं तेव्हाही हेच. कॉइलवर ध्वनिसंवेदक लावले तर हे तडे ऐकू येतात, आणि अमेरिकेतल्या फर्मीलॅब आणि बर्कली इथल्या प्रयोगशाळांत अशा आवाजांवरून तड्याची जागा शोधतात.

आता ‘शिकणं’. गाइड म्हणतात तो शब्द जगभर तसाच चालतो, ट्रेनिंग. तार काही शिकत नाही. जी जागा सैल होती ती सरकून बसली, जिथे तडा जायचा होता तिथे गेला. पुढच्या वेळी तेवढ्याच बलाला ती जागा गप्प राहते आणि पाळी येते पुढच्या कमजोर जागेची. जोसेफ कायझर या जर्मन संशोधकाने १९५० मध्ये धातूंमध्ये हे पाहिलं होतं. एकदा दिलेल्या ताणापर्यंत पदार्थ दुसऱ्या वेळी आवाज करत नाही, तो ताण ओलांडला की पुन्हा करकर सुरू. म्हणून ६१, ६८, ७१. कॉइल पुन्हा खोलीच्या तापमानाला आणली की सगळं प्रसरण-आकुंचन नव्याने होतं आणि बसलेल्या काही जागा पुन्हा उठतात. मग थोडी उजळणी करावी लागते.

यात तुझ्या प्रयोगशाळेचा कमीपणा मानू नकोस. जिनिव्हाजवळच्या एलएचसी या प्रचंड कण-प्रवेगकात १,२३२ मुख्य द्विध्रुव चुंबक आहेत, प्रत्येक १५ मीटर लांब, १.९ केल्विनला ठेवलेला. प्रत्येकाची बोगद्यात उतरवण्याआधी चाचणी झाली होती. तरी बोगद्यात त्यांना पुन्हा शिकवावं लागलं. यंत्र कणांच्या प्रत्येक झोताला ७ टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा देण्यासाठी आखलेलं, २०१५ मध्ये ६.५ वर चाललं, २०२२ पासून ६.८ वर. मधल्या टप्प्यासाठी शेकडो क्वेंच मोजावे लागले. त्या बोगद्यातले क्षेत्रातल्या चुका सुधारणारे हजारावर छोटे चुंबक आपल्या देशात बनले, इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राच्या देखरेखीखाली. गुंडाळणीचं हे काम आपल्या हातांना जमतं, हे लक्षात असू दे.

पण प्रत्येक लवकर झालेला क्वेंच ट्रेनिंगचा नसतो. हे मी दोन आठवडे आणि बरंच हेलियम घालवून शिकलो. सत्त्याण्णव साली मी ज्या प्रयोगशाळेत होतो तिथे माझी एक कॉइल सलग सहा वेळा ५४ अँपिअरच्या आसपास क्वेंच झाली. ५४, ५५, ५४, ५४. वरिष्ठ म्हणत होते, आणखी दे, शिकेल. मी देत राहिलो. शेवटी कॉइलवर टप्प्याटप्प्याला व्होल्टेज मोजायच्या तारा जोडल्या तेव्हा कळलं, दर वेळी सुरुवात एकाच ठिकाणी होतेय, कॉइलमधून तार बाहेर जोडाकडे जाते तिथे. दीड सेंटिमीटर तार तिथे हवेत होती, काही आधार नाही. काचधाग्याने बांधली, इपॉक्सीने बसवली आणि पुन्हा थंड केल्यावर पहिल्याच फेरीत कॉइल ८१ ला गेली. त्या दिवसापासून पाच ठिकाणी व्होल्टेज-तारा जोडल्याशिवाय मी कॉइल हेलियममध्ये उतरवली नाही.

म्हणून तुझ्या आकड्यांतला शेवटचा टप्पा मला खटकतो. ७५ वरून ७६. आधीच्या उड्या सात, तीन, चार आणि मग एकदम एक. असं दोन कारणांनी होतं. एक तर ट्रेनिंग सपाट होत आलंय, पुढच्या प्रत्येक क्वेंचला अर्धा-एक अँपिअरच मिळेल. नाहीतर ७६ च्या आसपास एखादी जागा अशी आहे जी सरकून बसत नाही: वाईट जोड, दुखावलेली तार, आधाराविना राहिलेला तुकडा. दोन्हीत फरक करायला सहावा क्वेंच उपयोगी नाही. क्वेंच कुठून सुरू होतो ते पाहा. दर वेळी जागा बदलत असेल तर ट्रेनिंग. जागा तीच आणि आकडाही तोच, तर ती दुरुस्त करायची गोष्ट. प्रवाह वेगाने चढवला की लवकर आणि सावकाश चढवला की उशिरा क्वेंच होत असेल, तर बदलत्या क्षेत्राने तारेत निर्माण होणारी उष्णता हे कारण. कमी क्षेत्रात, मनाला येईल त्या आकड्याला होत असेल तर तारेतले अतिसंवाहक तंतू जाड असावेत, त्यातला चुंबकीय प्रवाह (फ्लक्स) उडी मारतो. चांगल्या तारेत तंतू बारीक आणि पीळ दिलेले असतात, त्यामुळे हे शेवटचं कारण तुझ्याकडे बहुधा नसेल.

कमी कसं करायचं? पहिलं उत्तर गुंडाळणीत आहे. ताण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा, थराला थर घट्ट, आणि तार एका थरातून दुसऱ्यात चढते तिथली पोकळी काचकापडाच्या पाचरीने भरलेली. बहुतेक बिळं मला कडेला सापडली आहेत, मधे क्वचितच. गुंडाळणी झाल्यावर बाहेरून ॲल्युमिनियमची तार किंवा पट्टी ताणून गुंडाळ. ॲल्युमिनियम मीटरमागे चार मिलिमीटर आकसतं, तांब्याहून जास्त, त्यामुळे थंडीत ते कॉइलला आणखी आवळतं. चुंबकीय बल तारेला बाहेर ढकलतं, तेव्हा तिला आधीच आत दाबलेलं असलं की ती हलत नाही. एलएचसीच्या चुंबकांभोवती पोलादी कॉलर दाबून बसवल्या आहेत त्या याचसाठी.

मग इपॉक्सी. निर्वातात हवा काढून मग भरायचं, हे तुम्ही केलं असेलच. त्यात काचकापड किंवा ॲल्युमिनाची पूड असली की आकुंचन तांब्याच्या जवळ येतं. नुसत्या इपॉक्सीचे गोळे कुठेही राहू देऊ नकोस. आणि फ्लँजला कॉइल चिकटू नये म्हणून मधे टेफ्लॉनचा किंवा कॅप्टॉन या प्लास्टिकचा पातळ थर घाल. सुटायचंच असेल तर आधीच सुटं असू दे, ५ टेस्लावर सुटायला नको.

इथे एक गोष्ट मला फार आवडते. इपॉक्सी जितकं मजबूत तितकं बरं, असं आम्ही मानत आलो. मजबूत पदार्थ तडा जाईपर्यंत पुष्कळ ऊर्जा साठवतो आणि जाताना ती एकदम सोडतो. स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर इन्स्टिट्यूटने उलट वाट धरली आणि कॉइलमध्ये चक्क पॅराफिन मेण भरलं. मेण कमकुवत. चिरतं, पण चिरताना देण्यासारखं त्याच्याकडे फारसं नसतं. मेण भरलेल्या चाचणी-कॉइल जवळपास ट्रेनिंगविना हद्दीपर्यंत गेल्या. छोट्या कॉइलसाठी तू हा प्रयोग करून पाहावास असं मला मनापासून वाटतं, तार वाया जात नाही, मेण वितळवून पुन्हा गुंडाळता येते. मोठ्या बलाच्या चुंबकात मेणाच्या भरवशावर राहता येत नाही, तिथे बल पेलायला वेगळा सांगाडा लागतो.

आणखीही उपाय आहेत. हेलियमवरचा दाब पंपाने उतरवून तापमान खाली नेलं की मोकळीक वाढते, २.१७ केल्विनखाली तर हेलियम अतिप्रवाही होऊन बारीक फटीतूनही उष्णता वाहून नेतं, मात्र इपॉक्सीने बंद केलेल्या कॉइलच्या पोटात ते पोचत नाही. तारेत तांबं जास्त घेतलं की स्थैर्य वाढतं पण प्रवाहघनता कमी होते. गॅडोलिनियमची संयुगं थंडीतही बरीच उष्णता पोटात घेतात, ती तारेत किंवा राळेत मिसळण्याचे प्रयोग चालू आहेत. आणि आखणी करतानाच रोजचा प्रवाह हद्दीच्या ७० ते ८० टक्क्यांवर ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय, जो पुढच्या कॉइलला तुझ्या हातात आहे.

व्होल्टेज-तारा जोडलेल्या असतील तर पाचही क्वेंचचे आलेख मला पाठव. नसतील तर कॉइल गरम झाल्यावर दोन्ही टोकांच्या बाहेर येणाऱ्या तारा भिंगाखाली पाहा आणि कळव.

प्रश्न : उच्च तापमानाचे अतिसंवाहक आले की क्वेंचची कटकट संपेल, असं वाचलं. खरं का?
— एक शिक्षक, पेडणे

उत्तर : अर्धं खरं, गुरुजी. त्या अतिसंवाहकांच्या पट्टीसारख्या तारा २० केल्विनला वापरल्या तरी मोकळीक बरीच केल्विन असते आणि त्या तापमानाला पदार्थांची उष्णता घेण्याची ताकदही पुष्कळ पटींनी वाढलेली असते. केसभर सरकण्याने त्यांना काही होत नाही, म्हणून ट्रेनिंग जवळपास नाही. पण एखादी जागा खरंच तापली तर क्वेंच पटकन पसरत नाही. नायोबियम-टायटॅनियममध्ये तो सेकंदाला कित्येक मीटर धावतो, सगळी कॉइल उष्णता वाटून घेते आणि व्होल्टेज लगेच दिसतं. इथे तो मुंगीच्या चालीने जातो, व्होल्टेज उशिरा दिसतं आणि तोवर ती एक जागा जळून गेलेली असते. तिथली लढाई क्वेंच वेळेत ओळखण्याची आहे.

प्रश्न : माझ्या वहिनीचा एमआरआय ठरला होता. आदल्या दिवशी फोन आला, मॅग्नेट क्वेंच झालं, मशीन बंद. माणूस आत असताना असं झालं तर? मडगावच्या आमच्या घरात सगळे घाबरलेत.
— एक वाचक, मडगाव

उत्तर : वहिनींना सांगा, घाबरू नका. वर जिच्याबद्दल लिहिलं त्या मुलीच्या कॉइलसारखी एमआरआयची कॉइल रुग्णालयात शिकत नसते, तिचं शिक्षण कारखान्यात उरकलेलं असतं. रुग्णालयातल्या क्वेंचची कारणं वेगळी: हेलियम थंड ठेवणारं यंत्र बंद पडणं, हेलियमची पातळी उतरणं किंवा आणीबाणीचं बटण दाबलं जाणं. ते बटण लोखंडी वस्तूखाली माणूस अडकला किंवा आग लागली तरच दाबायचं असतं.

क्वेंचमध्ये चुंबकीय क्षेत्र काही सेकंदांत उतरतं, त्याने माणसाला इजा होत नाही. मोठा आवाज होतो. काळजी हेलियमची. जुन्या पद्धतीच्या यंत्रात हजार-दीड हजार लिटर द्रव हेलियम असतं आणि एका लिटरचा सुमारे सातशे लिटर वायू होतो. तो सगळा जाड पाइपातून छपरावर, बाहेर जायला हवा. पाइप मोकळा असेल तर खोलीतल्या माणसाला पांढरी वाफही दिसत नाही. पाइप तुंबला तर वायू खोलीत येतो, प्राणवायूला हुसकावतो, आणि खोलीतला दाब वाढल्यामुळे आत उघडणारं दार उघडेनासं होतं. म्हणून अशा खोलीचं दार बाहेर उघडणारं असणं आणि प्राणवायूचा मापक चालू असणं आवश्यक आहे. आता नवी यंत्रं निघाली आहेत, त्यात सातेक लिटरच हेलियम असतं आणि तेही कायमचं बंद, त्यांना हा पाइपच लागत नाही.

आपल्याकडे खारी हवा आणि चार महिने पाऊस. छपरावरच्या पाइपाची टोपी गंजते, जाळी फाटते, पाखरं घरटं करतात, पाणी आत शिरतं. क्वेंचच्या वेळी त्याच पाण्याचा बर्फ होऊन पाइप बंद होतो. तुम्ही पुढच्या तारखेला जाल तेव्हा तंत्रज्ञांना एवढंच विचारा: पावसाआधी छपरावर चढून पाइपाचं तोंड कोणी पाहिलं का, आणि त्याची नोंद कुठे आहे?